दहा मिनिटं, एक फांदी, तीन ओळी

मन जड झालं की कागदावर पहिली ओळ बहुधा उदासीविषयीच उतरते आणि तिथेच अडते. अडणारच, कारण उदासी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून सुरुवात दिसणाऱ्या गोष्टीपासून करावी.

रोज नजरेला पडणारी एकच गोष्ट निवडा: खिडकीबाहेरची फांदी, कुंडीतलं रोप किंवा भिंतीवरून सरकणारं ऊन. महिनाभर तीच ठेवा. रोज नवी जागा शोधली की त्याची सहल होते आणि बारीक बदल हातातून निसटतात. वेळही शक्यतो एकच असू द्या.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवून पाच मिनिटं नुसतं पाहायचं. दोनेक मिनिटांत कंटाळा येतो. तो आला तरी उठू नका, कारण पानाची करपलेली कड आणि देठावरची मुंगी दिसायला लागते ती त्यानंतरच. पुढची पाच मिनिटं हाताने तीन ओळी लिहा. दोन ओळींत जे दिसलं तेवढंच लिहा, तिसरीत त्याच क्षणी ऐकू आलेलं किंवा आठवलेलं. ‘सुंदर’, ‘शांत’, ‘एकाकी’ हे शब्द वापरायचे नाहीत. उदाहरणार्थ:

वाळल्या कुंडीच्या कडेवर
मुंगी थबकलेली
आत कुठे नळ टपकतोय

हा सांगाडा हायकू या छोट्या जपानी कवितेचा आहे. पारंपरिक जपानी हायकूत तीन भागांत 5-7-5 अशी उच्चारांची मोजणी असते. इथे ती करू नका. अक्षरं मोजता मोजता मुंगी निघून जाते.

लिहून झालं की वही मिटायची. लगेच कुणाला पाठवलं तर दुसऱ्या दिवसापासून ओळी वाचणाऱ्यासाठी सजायला लागतात. वही खासगी राहिली तरच ती खरं बोलते.

वाचनासाठी आठवड्याला एक छोटी कविता पुरे. एकदा मनात वाचा, एकदा मोठ्याने, आणि तिसऱ्यांदा जिथे आवाज अडखळेल तिथे थांबा. ती ओळ वहीत उतरवून घ्या. अर्थ लावायची घाई करू नका, परीक्षा नाही ही.

थेट दुःखावर लिहायचं असेल तर वेळेला बांध घाला. मानसशास्त्रातले संशोधक जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं मनातल्या जखमेविषयी लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांचं मन उलट खाली गेलं होतं. पुढच्या महिन्यांत मात्र, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी होत्या. म्हणून झोपण्यापूर्वी असं लिहू नये आणि नंतर हाताला काम द्यावं: भांडी विसळा किंवा कपड्यांच्या घड्या घाला, लक्ष पाण्याच्या गारव्यावर किंवा कापडाच्या पोतावर ठेवून.

तिसऱ्या दिवशीही ‘माझ्याच बाबतीत का?’ हेच वाक्य येत असेल, तर ते उगाळणं झालं. ‘मी’ काढून ‘तो’ किंवा ‘ती’ लिहून पाहा. थोडं अंतर पडतं. तरीही उगाळणं थांबलं नाही किंवा दोन आठवडे झोप-भूक उडालेली असली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच दिवशी. वही औषधाच्या जागी चालत नाही.

तिसाव्या दिवशी सगळ्या ओळी एका बैठकीत वाचा आणि पुन्हा पुन्हा आलेल्या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करा. दार, पाणी, कडा, काहीही निघेल. पुढच्या महिन्याची पहिली ओळ त्यातल्याच एका शब्दाने सुरू करा.