गावात वर्णभेदावर वाचन-गट सुरू करायचाय? आम्ही कसा केला ते सांगते

लोकांना वाटतं वर्णभेद म्हणजे अमेरिकेतलं काहीतरी, आपला काय संबंध. म्हणून पहिल्या दिवशी पुस्तक काढूच नका. लग्नाचे चार बायोडेटा आणा, नावं-फोटो झाकून, आणि फक्त 'रंग' ही ओळ मोठ्याने वाचा. गोरा, निमगोरा, गहूवर्णी. आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, मी सावळी पण जमवणाऱ्यांनी निमगोरा लिहायला लावलं आणि बघायला आलेले लोक आधी कागदाकडे बघायचे, मग माझ्या हातांकडे. त्यानंतर तासभर कुणाला बोला म्हणायची गरजच पडली नाही.

लावणी उरकली की सुरू करा, तेव्हा होड्याही किनाऱ्याला ओढलेल्या असतात त्यामुळे माणसं भेटतात. गणपतीत सुट्टी. दहा-बारा जण पुरे. घरी वाचून या असं सांगू नका, कुणी वाचत नाही, चार-पाच पानंच घ्या आणि तिथेच आळीपाळीने मोठ्याने वाचा, जे अडखळत वाचतात त्यांना वेळ द्या.

जागेचं मात्र नीट ठरवा. आपल्याकडे वाड्या वेगळ्या, म्हणून बैठक प्रत्येक वाडीत फिरवा, बौद्धवाडीतही, आणि चहा त्या त्या घरचाच. एक काका तिथे दोनदा 'आत्ताच घेतला' म्हणाले. कुणी टोकलं नाही, पण सगळ्यांनी पाहिलं आणि पुढच्या वेळी त्यांनी स्वतःच विषय काढला.

वाचायला जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका घ्या. १८७३ साली पुण्यातला माणूस अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना पुस्तक अर्पण करतो, हे ऐकून पोरं एकदम सरसावून बसतात. मग महाड. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा मुंबई कायदेमंडळाचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ चा, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. ठराव होता, मग पाणी का पिता येत नव्हतं? हा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. त्याच्या शेजारी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराची बस ठेवा, १९५५ च्या डिसेंबरात कृष्णवर्णीय रोझा पार्क्स गोऱ्या प्रवाशासाठी सीटवरून उठल्या नाहीत आणि तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. एसटीने रोज जाणाऱ्यांना ते ३८१ दिवस लगेच कळतात.

पण जात आणि वंश एकच असं कुणी म्हणालं तर थांबवा. जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, असं बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलंय आणि तरीही १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत वाचा.

'आमच्याकडं असलं काय नाय' असं कुणीतरी म्हणणारच. भांडू नका, 'कधीपासून नाय?' एवढंच विचारा. आणि ज्यांनी भोगलंय त्यांच्याकडे वळून 'तू सांग ना' असं कधीच म्हणू नका, हे मी कळकळीने सांगते, ती माणसं आपल्याला शिकवायला आलेली नसतात. त्यांना वाटलं तर बोलतील.

पाऊस सरला की गट घेऊन मुरुडला जा. काळ्या माणसाला 'हबशी' म्हणून चिडवणाऱ्यांना जंजिऱ्याच्या तटावर उभं करून सांगा, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींच्या वंशजांनी हा किल्ला राखला आणि १९४८ पर्यंत इथे राज्य केलं. होड्या राजपुरीहून सुटतात, सकाळी लवकर निघा.