टाइल आणि लॅमिनेटच्या सांध्यावर पट्टी कशी बसवावी

नाशिकमध्ये जुन्या फ्लॅटमध्ये लॅमिनेट, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची फरशी, टाकायचं म्हटलं की सहसा कोणी फरशी उखडत बसत नाही. आहे त्याच टाइल्सवर 2 मिलिमीटरचा फोम, त्यावर 8 मिलिमीटरच्या फळ्या. बेडरूम हॉलपेक्षा 10 मिलिमीटर वर! आमच्या इंदिरानगरच्या घरात याच कडेला आईचा पाय दोनदा अडखळला.

दुकानात नुसतं ‘जोडपट्टी द्या’ म्हटलं की बहुतेक वेळा टी-पट्टी हातात पडते. दोन्ही बाजू सारख्या असतील, फार तर 2-3 मिलिमीटरचा फरक असेल, तरच ती घ्या. नाहीतर उताराची, म्हणजे रिड्यूसर पट्टी मागा. ॲल्युमिनियमची टिकते.

माप दाराच्या चौकटीच्या आत पुढे, मध्ये आणि मागे असं तीनदा घ्या. चौकट क्वचितच काटकोनात असते. दाराच्या खाचेचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापून बसवून बघा, मग पट्टीवर उतरवा. कापायच्या जागी मास्किंग टेप लावून बारीक दात्यांच्या हॅक्सॉने कापा, कडा कानशीने घासा. पट्टी कोरडीच ठेवून दार लावून पाहा. दार घासत असेल तर सुताराकडून दाराची खालची कड तासून घ्या. बंद दाराखाली पट्टी झाकली गेली पाहिजे.

आता खरी मेख. लॅमिनेट पावसाळ्याच्या दमट हवेत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. त्याच्या कडेला 8 ते 10 मिलिमीटर मोकळी जागा लागतेच. पहिल्यांदा मी हौसेने दोन्ही बाजूंना सिलिकॉन (फटी भरायचा चिकट सीलंट) भरलं आणि जुलैत दारापाशी फळ्या उचलल्या गेल्या. सिलिकॉन फक्त टाइलला आणि पट्टीच्या खालच्या भागाला लावायचं; वरची कड लॅमिनेटवर नुसती टेकलेली राहू द्या. स्क्रूही चालतात, पण फरशीखालून वायरचे पाइप गेलेले असू शकतात, म्हणून मी ड्रिल टाळतो.

टाइल आधी स्पिरिटने पुसा, धूळ राहिली तर सिलिकॉन धरत नाही. पट्टी दाबून बसवा, बाहेर आलेलं सिलिकॉन लगेच पुसा. हॉलच्या बाजूने एक बारीक रेघ मात्र राहू द्या, फरशी पुसताना पाणी आत जात नाही. वर दळणाचे भरलेले डबे ठेवून 24 तास पाय देऊ नका.

पट्टीला वर्ष झालं. आई अजूनही तिथे सवयीने पाय उचलूनच टाकते.