लिनक्स डेस्कटॉप आणि पर्यायी ब्राउझर : जळगावातून काम करताना आलेला अनुभव

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या महाविद्यालयात बीसीए, बीएस्सी किंवा अभियांत्रिकी पदविका करणाऱ्या आणि पुढे संकेतस्थळांची निर्मिती, चाचणी किंवा देखभाल यांत काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हे लिहीत आहे. मी जळगावात राहून शाळा, पतसंस्था, कृषी सेवा केंद्रे आणि छोटे व्यापारी यांची संकेतस्थळे सांभाळतो आणि विद्यार्थिदशेपासून माझ्या रोजच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली आहे. या वापरातून मला एक सवय लागली आणि पुढे तीच पोटापाण्याच्या कामी आली. एखादी गोष्ट चालत नसेल तर दोष संकेतस्थळात आहे, ब्राउझरमध्ये आहे, की त्याखालच्या प्रणालीत आहे, हे आधी वेगळे करून पाहायचे आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा.

सुरुवातीला नवा संगणक घेण्याची गरज नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि प्रोसेसर किंवा टीपीएम २.० या सुरक्षा चिपच्या अटीमुळे विंडोज ११ न घेऊ शकणारे अनेक लॅपटॉप घरोघरी पडून आहेत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकाराची हलकी एक्सएफसीई आवृत्ती उत्तम चालते. तिच्यासाठी किमान २ जीबी रॅम लागते आणि ४ जीबी असावी अशी शिफारस आहे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो. प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू करा आणि वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते की नाही, एवढे तपासून घ्या. काही वाय-फाय चिपचा ड्रायव्हर नंतर उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू केले की बहुधा काहीही न बसवता इंटरनेट मिळते.

वीज अचानक जाणे आपल्याकडे नवे नाही. ज्या लॅपटॉपची बॅटरी संपत आली आहे तो अशा वेळी थेट बंद पडतो. लिनक्सची एक्स्ट४ फाइल प्रणाली जर्नल, म्हणजे डिस्कवरील बदलांची नोंद, ठेवते, त्यामुळे डिस्कची रचना सहसा सावरली जाते, परंतु न जतन केलेला मजकूर परत मिळत नाही. टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीच्या प्रती घेत राहा, मात्र ते मुळात तुमच्या घरच्या फोल्डरातील कागदपत्रे त्यात घेत नाही, म्हणून प्रकल्पाच्या फाइल वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

आता ब्राउझरकडे वळतो. पर्यायी ब्राउझर म्हटले की विद्यार्थी ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा, एज अशी नावे सांगतात, पण या सर्वांच्या पोटात क्रोमचेच ब्लिंक हे इंजिन, म्हणजे पान पडद्यावर रेखाटणारा भाग, आहे. ऑपेराने २०१३ मध्ये आणि एजने २०२० मध्ये स्वतःचे इंजिन सोडून तो मार्ग धरला. चाचणीच्या दृष्टीने पाहिले तर फायरफॉक्सचे गेको, सफारीचे वेबकिट आणि ब्लिंक ही तीन इंजिनेच महत्त्वाची ठरतात. लिनक्स वापरणाऱ्याने यांचा पूर्वेतिहास आवर्जून जाणून घ्यावा. केडीई या डेस्कटॉपच्या स्वयंसेवकांनी कॉन्करर ब्राउझरसाठी केएचटीएमएल हे इंजिन लिहिले, ॲपलने त्यावरून वेबकिट बनवून २००३ मध्ये सफारी आणला आणि २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून वेगळे होत ब्लिंक घडवले. आज जगभरातल्या बहुसंख्य पडद्यांवर जे इंजिन पाने रेखाटते, त्याचे मूळ लिनक्सच्या डेस्कटॉपवर काम करणाऱ्या मोकळ्या मनाच्या माणसांपाशी आहे, ही गोष्ट मला आजही बळ देते. रोजच्या वापरासाठी मी फायरफॉक्स ठेवतो, ताडून पाहण्यासाठी विवाल्डी, आणि आयफोनवर पान साधारण कसे दिसेल याचा अंदाज घेण्यासाठी वेबकिटवर चालणारा ग्नोम वेब. वेगळे नाव धारण करणारे ब्लिंकचे चार ब्राउझर बसवून चाचणी पूर्ण झाल्याचे मानू नये.

या सवयीचा कस शिष्यवृत्ती, प्रवेश आणि पीक विमा यांच्या अर्जांच्या दिवसांत लागतो. शेजारची मुले आणि रावेर-यावलकडचे केळी उत्पादक नातेवाईक अर्ज अडला की माझ्याकडे येतात. एकदा एका अर्जाचे ‘पुढे जा’ हे बटण फायरफॉक्समध्ये काही केल्या दबत नव्हते. अशा वेळी मी ठरलेल्या क्रमाने जातो. प्रथम खासगी खिडकीत तेच पान उघडायचे, म्हणजे जुन्या कुकीजचा संबंध तुटतो. मग फायरफॉक्स ट्रबलशूट मोडमध्ये सुरू करायचा, म्हणजे जाहिराती रोखणारी आणि इतर एक्सटेन्शन बाजूला होतात. तरीही अडले तर दुसऱ्या इंजिनाचा ब्राउझर घ्यायचा, आणि शेवटी एफ१२ दाबून कन्सोल (पानातील चुकांचे संदेश) आणि नेटवर्क (सर्व्हरकडून आलेली उत्तरे व त्यांचे क्रमांक) हे दोन भाग वाचायचे. नेटवर्कमध्ये ५०३ किंवा ५०० दिसले तर दोष सर्व्हरच्या बाजूचा आहे आणि ब्राउझर बदलून काहीही साधणार नाही, रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा. ४०३ दिसले तर सर्व्हर आपल्याला ओळखून नाकारत असावा. त्या अर्जाच्या पानावर यांपैकी काहीच नव्हते. कन्सोल वाचल्यावर कळले की पानाची स्क्रिप्ट ब्राउझरचे नाव तपासत होती आणि ओळखीचे नाव न सापडल्यास बटण निष्क्रिय ठेवत होती. युजर एजंट, म्हणजे ब्राउझर संकेतस्थळाला सांगतो ते नाव, बदलणाऱ्या एक्सटेन्शनने फायरफॉक्सची ओळख बदलताच अर्ज सुरळीत पुढे गेला. म्हणजे इंजिन सक्षम होते आणि अडथळा केवळ नावाचा होता. याच कारणाने विवाल्डीने डिसेंबर २०१९ पासून बहुतेक संकेतस्थळांना स्वतःचे नाव सांगणे थांबवले आणि तो क्रोम म्हणून ओळख देऊ लागला. संकेतस्थळ बनवणाऱ्याने ब्राउझरचे नाव न विचारता हवी ती सुविधा उपलब्ध आहे का एवढेच तपासावे, हा नियम मी पाठ्यपुस्तकात वाचला होता, पण तो का पाळायचा हे मला अशा अर्जांनी शिकवले.

मराठी मजकुराचे काम करणाऱ्यांना लिनक्स विशेष उपयोगी पडते, कारण येथे अक्षर पडद्यावर येण्याचा प्रत्येक टप्पा उघडा असतो. आयबस हे टंकलेखनाचे साधन बसवून इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी निवडा. ती भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात आहे आणि फोनेटिकपेक्षा शिकायला थोडी जड वाटली तरी हात बसल्यावर ती सोडवत नाही. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ शिफ्टसह जे या कळेवर आहे आणि तो तेथून टंकला की युनिकोड या अक्षरांच्या सामायिक संकेतपद्धतीत योग्य तीच नोंद होते. पुढचा टप्पा फॉन्टचा आहे. ल आणि श यांचे संकेतांक मराठीत आणि हिंदीत एकच असले तरी वळणे निराळी आहेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणे असतात आणि पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असली की फायरफॉक्स मराठी वळण दाखवतो. एका शाळेच्या संकेतस्थळावर मुख्याध्यापकांनी मला ल चुकीचा दिसतो असे सांगितले, तेव्हा फॉन्ट न बदलता भाषेची एवढी एक नोंद दुरुस्त करून काम झाले. ग्राहकाकडून मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये आला तर लिनक्सवर रोमन अक्षरांची अर्थहीन ओळ दिसते. तो मजकूर रूपांतरित करूनच घ्यावा, अन्यथा शोधयंत्राला त्यातले मराठी कधीच सापडणार नाही.

काही कामांसाठी विंडोज लागते, हे आधीच सांगितलेले बरे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची लिनक्ससाठी आवृत्ती नाही, त्यामुळे लेखापालाकडे उमेदवारी करायची असेल तर विंडोजची जोड ठेवावी. निविदा भरण्यासाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा ड्रायव्हर फायरफॉक्समध्ये जोडता येतो, तथापि स्वाक्षरीचे सहायक सॉफ्टवेअर पुष्कळदा केवळ विंडोजसाठी दिलेले असते. फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांकडे कोरलड्रॉ हे रेखाटनाचे सॉफ्टवेअर चालते, त्यासाठीही विंडोज लागते. प्रिंटर घेताना त्याला आयपीपी या छपाईच्या सामायिक पद्धतीने ड्रायव्हरशिवाय छापता येते का ते विचारून घ्या.

नोकरीसाठी पुण्याला जा किंवा इथेच राहून काम घ्या, ज्या सर्व्हरवर तुमचे संकेतस्थळ चालेल तो बहुधा लिनक्सच असेल, म्हणून टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टंकून काम करण्याच्या खिडकीची, भीती घरीच मोडलेली बरी. त्याहून जास्त भर मी दोषाची नोंद लिहिण्यावर देईन. तिच्यात ब्राउझरचे नाव आणि आवृत्ती, कोणत्या पायऱ्यांनी दोष पुन्हा दिसतो, काय अपेक्षित होते आणि काय घडले, कन्सोलमधली ओळ जशीच्या तशी आणि दुसऱ्या इंजिनात काय दिसले, एवढे असावे. स्वतःला भेटलेला प्रत्येक दोष असा लिहून ठेवा, तो फायरफॉक्सचा असेल तर तो बनवणाऱ्या मोझिलाच्या बगझिला या दोषनोंदींच्या संकेतस्थळावर कळवा, संकेतस्थळाचा असेल तर ते सांभाळणाऱ्याला पाठवा. माझ्या पहिल्या नियमित ग्राहकाला मी प्रथम अशी एक नोंदच पाठवली होती. कामासाठी अर्ज करताना प्रमाणपत्रांच्या जोडीला अशा दोन-तीन नोंदी लावा, म्हणजे तुम्ही विचार कसा करता हे वाचणाऱ्याला त्यांतून दिसेल.