प्रायमरीत कोण पुढे? टक्के सोडा, डेलिगेट मोजा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची चुरस सुरू झाली की घोडबंदर रोडपासून वाशीपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच आकडा फिरायला लागतो: देशभरच्या सर्व्हेत अमका ३५ टक्के, तमका २२. मुलगा न्यूजर्सीत, सून एच-१बीवर, त्यामुळे उत्सुकता खरी असते. आकडा मात्र फारसा कामाचा नसतो, कारण तिथे देशभर एका दिवशी मतदान होतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकेक राज्य पक्षाच्या उमेदवारीसाठी मत देतं (बहुतेक ठिकाणी या मतदानाला प्रायमरी म्हणतात), प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवारासाठी मत देणारे प्रतिनिधी, असतात, आणि उन्हाळ्यातल्या पक्षाच्या अधिवेशनात निम्म्याहून जास्त डेलिगेट ज्याच्याकडे, उमेदवारी त्याची. २००७ मध्ये रुडी जुलियानी वर्षाचा बराच काळ रिपब्लिकन सर्व्हेंमध्ये देशात पहिले होते. जानेवारी २००८ च्या शेवटी ते फ्लोरिडात तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडले. खात्यात एकही डेलिगेट नव्हता.

आपल्याकडे महापालिकेचं तिकीट कोणाला, हे शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला यावरून कळतं. वर कोणाचं वजन आहे हे माहीत असलं की निम्मा अंदाज तिथेच होतो. अमेरिकेतही पूर्वी बरंचसं तसंच चालायचं. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, त्यावरून रान पेटलं आणि नियम बदलले. म्हणून आता इच्छुकांची यादी करून ‘साहेबांच्या जवळचा कोण’ हे शोधण्याऐवजी राज्यवार तक्ता मांडावा लागतो.

एक्सेल किंवा गूगल शीट उघडा. एका ओळीत एक राज्य. रकाने असे: तारीख, एकूण डेलिगेट, वाटपाची पद्धत, किमान टक्क्यांची अट, मत कोण देऊ शकतं, सर्व्हेंची सरासरी, तुमचा डेलिगेटचा अंदाज, प्रत्यक्ष निकाल. ज्या खान्यातला आकडा पक्का नाही तो पिवळा करा. ओळी तारखेनुसार लावा, राज्यांच्या नावांनुसार नको. मागच्या निवडणुकीचा तक्ता उचलून वापरू नका, कारण दर चार वर्षांनी तारखा आणि नियम दोन्ही बदलतात. २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने सर्वांत आधी मत देण्याचा आयोवा राज्याचा मान काढून ३ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनापासून अधिकृत सुरुवात केली. रिपब्लिकन राज्य-शाखांना आपले नियम आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपर्यंत कळवावे लागतात, तेव्हा त्यांचा वाटपाचा रकाना त्यानंतरच पक्का होतो.

खरा जीव या वाटपाच्या रकान्यात आहे, तिथे घाई नको.

डेमोक्रॅटिक पक्षात वाटप मतांच्या प्रमाणात होतं, पण १५ टक्क्यांच्या आत राहिलेल्याला काहीच मिळत नाही. काही डेलिगेट राज्यभरच्या मतांवर वाटले जातात, बरेचसे एकेका काँग्रेस मतदारसंघाच्या (काँग्रेस म्हणजे तिथली संसद) मतांवर. न्यू हॅम्पशायरचा २०२० चा निकाल हाताने सोडवून पाहा, पद्धत कायमची डोक्यात बसेल. सँडर्स सुमारे २६ टक्के, बुटिजेज २४, क्लोबुचर २०. वॉरन ९ आणि बायडेन ८ वर, म्हणजे दोघे हिशेबाबाहेर. उरलेल्या तिघांची बेरीज ७०. डेलिगेट एकूण २४: दोन मतदारसंघांत प्रत्येकी ८, राज्यभराचे ५ आणि राज्यभराचेच पण पक्षातल्या पदाधिकाऱ्यांसाठी राखलेले ३.

आधी राज्यभराचे ५ घ्या. २६ भागिले ७० गुणिले ५, उत्तर १.८६. त्याच रीतीने बुटिजेज १.७१ आणि क्लोबुचर १.४३. पूर्णांक आधी द्या: प्रत्येकी १. उरले दोन, ते ज्यांचा अपूर्णांक मोठा त्यांना. झाले २-२-१. पुढचे ३: १.११, १.०३ आणि ०.८६. इथे पूर्णांक दोघांनाच मिळतो, पण सर्वांत मोठा अपूर्णांक क्लोबुचर यांचा, म्हणून १-१-१. मतदारसंघातल्या ८ चे होतात ३-३-२. (मतदारसंघाला खरं तर त्या मतदारसंघाचीच मतं लावायची; इथे राज्याचे टक्के लावूनही उत्तर तेच येतं.) सगळं मिळून ९-९-६, आणि प्रत्यक्षातही तेच झालं. ‘सँडर्स जिंकले’ अशी बातमी आली, पण डेलिगेट बरोबरीत सुटले होते.

या गणितात एक खोच आहे. मतदारसंघात ४ डेलिगेट आणि लढत दोघांत असेल, तर ६०-४० ने जिंकूनही वाटणी २-२ च होते. तिसरा डेलिगेट हवा तर ६२.५ टक्के लागतात. डेलिगेट ५ असतील तर मात्र ५१-४९ लाही ३-२. म्हणून सम आकड्याच्या मतदारसंघात प्रचाराला पैसा ओतणारा उमेदवार दिसला की त्याच्याकडे हिशेबनीस बरा नाही असं खुशाल समजा. २००८ मध्ये ओबामांच्या माणसांना हे पाठ होतं. ५ फेब्रुवारीला हिलरी क्लिंटन यांनी न्यूजर्सी ५९-४८ ने घेतलं, आघाडी ११ ची. त्याच दिवशी ओबामांनी आयडाहोत १५-३ केले, आघाडी १२ ची. मोठं राज्य न्यूजर्सी, पण जास्त फायदा छोट्या आयडाहोत.

सुपरडेलिगेट, म्हणजे पदामुळे अधिवेशनात बसणारे खासदार, गव्हर्नर वगैरे, यांना २०२० पासून चुरशीच्या लढतीत पहिल्या फेरीत मत नाही. तक्त्यात धरू नका.

रिपब्लिकन पक्षात राज्यागणिक नियम वेगळा. काही ठिकाणी प्रमाणात वाटप, काही ठिकाणी ५० टक्क्यांवर गेलात तर सगळं तुमचं, आणि १५ मार्चपासून राज्याला हवं असेल तर पहिला येणाराच सगळं घेऊन जातो. सुरुवातीच्या राज्यांना या तारखेच्या अटीतून सूट मिळत आली आहे. २०१६ मध्ये साउथ कॅरोलिनात ट्रम्प यांना ३२.५ टक्के मतं पडली आणि ५० पैकी ५० डेलिगेट मिळाले. रुबिओ आणि क्रूझ दोघेही २२ टक्क्यांच्या पुढे होते, हाती शून्य. विरोधी मतं फुटली की काय होतं हे ठाण्यात कोणाला समजावून सांगायला नको. म्हणून रिपब्लिकन तक्त्यात ‘मैदानात किती जण उरले’ असा एक जादा रकाना ठेवा. बहुमताचा आकडा वरच्या ओळीत ठळक लिहा; २०२४ मध्ये तो २,४२९ पैकी १,२१५ होता.

आता सर्व्हे. आधी नमुना किती ते बघा: ४०० जणांचा असेल तर चूक दोन्ही बाजूंना सुमारे ४.९ टक्के, ६०० चा ४, हजाराचा ३.१. हे आकडे एका उमेदवाराच्या टक्क्यांचे आहेत. दोघांमधल्या फरकाची चूक जवळपास दीडपट ते दुप्पट असते. ४०० जणांत एकाला ३० आणि दुसऱ्याला २५ असेल, तर त्या पाचाच्या आघाडीत सव्वासाताची चूक बसू शकते, म्हणजे आघाडी आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. बातमीत ‘हजार जणांचा सर्व्हे’ लिहिलेलं असतं, पण प्रायमरीचा प्रश्न त्यातल्या एकाच पक्षाच्या साडेतीनशे-चारशे जणांना विचारलेला असतो. तो आतला आकडा शोधा. तो दिलाच नसेल तर सर्व्हे तक्त्यात घेऊ नका. एकाच राज्याचे, गेल्या दोन-तीन आठवड्यांतले तीन-चार सर्व्हे मिळाले तर सरासरी काढा. उमेदवाराच्याच गोटातून ‘फुटलेला’ सर्व्हे त्यात मिसळू नका. वाईट आकडे कोणी फोडत नाही.

मत कोण देऊ शकतं हा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. न्यू हॅम्पशायरमध्ये कुठल्याच पक्षात नोंद नसलेला मतदारही प्रायमरीत येतो. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात पक्षाची नोंद लागतेच. अपक्ष मतदारांत लोकप्रिय असलेला उमेदवार पहिल्या ठिकाणी फुगतो, दुसऱ्या ठिकाणी बसतो. मतदारांची घडणही बघा. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही बहुतांश गोऱ्यांची राज्यं, तर साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटिक प्रायमरीला येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आलेले बायडेन अठरा दिवसांनी साउथ कॅरोलिनात ४८ टक्क्यांच्या पुढे गेले. तीन दिवस आधी तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला होता, आणि तो मोठा होता कारण त्या राज्यातल्या त्या मतदारांवर त्यांचा शब्द चालतो. पाठिंब्यांची नुसती मोजदाद करू नका. कोणाचा, कुठे आणि मतदानाच्या किती दिवस आधी, हे लिहा.

पैशाबद्दल थोडक्यात. अमेरिकी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवारांचे हिशेब फुकट पाहता येतात. तिमाही हिशेब १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीला येतात. ‘किती गोळा केले’ यापेक्षा हातातली शिल्लक आणि खर्च भागिले जमा हे दोन आकडे घ्या. खर्च सलग दोन तिमाही जमेपेक्षा जास्त असेल तर पुढचं पाऊल म्हणजे माणसं कमी करणं. शिल्लक फसवीही असते: देणगीची मर्यादा प्रायमरीला वेगळी आणि मुख्य निवडणुकीला वेगळी, आणि मुख्य निवडणुकीसाठी घेतलेला पैसा प्रायमरीत वापरता येत नाही. सुपर पॅकचा, म्हणजे उमेदवारापासून वेगळं राहून त्याच्यासाठी अमर्याद पैसा उभा करणाऱ्या गटाचा, पैसा तर उमेदवाराचा नव्हेच. २०१५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जेब बुश यांच्या सुपर पॅकने १० कोटी डॉलरहून जास्त जमवले. बुश यांना शेवटी चार डेलिगेट मिळाले. २०२० मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांनी स्वतःचे ५० कोटी डॉलरहून जास्त घातले आणि जिंकलं फक्त अमेरिकन सामोआ, हा पॅसिफिकमधला चिमुकला प्रदेश. तेव्हा पैसा नसणं हे बाहेर पडण्याचं लक्षण धरा, पैसा असणं हे जिंकण्याचं धरू नका. जाता जाता: एच-१बीवरच्या मुलाने उत्साहात देणगी देऊ नये. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्याला कायद्याने मनाई आहे.

उमेदवाराचं नाव मतपत्रिकेवर आहे का, हेही तपासा. व्हर्जिनियात २०१२ च्या रिपब्लिकन प्रायमरीला दहा हजार सह्या लागत होत्या, शिवाय प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान ४००. गिंग्रिच आणि पेरी दोघेही अडकले. मतपत्रिकेवर रॉम्नी आणि रॉन पॉल एवढीच नावं.

एवढं भरल्यावर शक्यता लिहायला घ्या. १०० गुण घ्या आणि उमेदवारांत वाटा. बेरीज १०० च आली पाहिजे. प्रत्येकाचा वेगळा विचार केला की बेरीज हमखास १३०-१४० वर जाते, कारण आवडत्या प्रत्येकाला आपण थोडं जास्तच देतो. पाच गुण ‘इतर’ म्हणून राखून ठेवा. मतदान सुरू व्हायच्या आधी कोणालाही ८० च्या पुढे नेताना दहा वेळा विचार करा: २००४ मध्ये हॉवर्ड डीन सर्व्हेत आणि देणग्यांत पुढे होते, आयोवात १८ टक्क्यांवर तिसरे आले. प्रत्येक आकड्यासमोर तारीख टाका आणि जुना आकडा पुसू नका. हंगाम संपल्यावर गुण मोजता येतात: ज्याला ७० दिले तो जिंकला तर चूक ०.३ चा वर्ग, ०.०९, हरला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. ग्रुपवर चार-पाच जणांनी असं केलं की कोण नुसतंच मोठ्याने बोलतं हे दिसतं. सट्टाबाजाराचे भाव तुलनेला बघायला हरकत नाही, पैसे लावण्याच्या फंदात पडू नका.

निकाल येऊ लागले की एकच प्रश्न: मागे पडलेल्याला उरलेल्या डेलिगेटपैकी किती टक्के लागतील? समजा दोघेच उरलेत, १,००० डेलिगेट शिल्लक आहेत आणि दुसरा १२० ने मागे आहे. नुसत्या बरोबरीला यायला त्याला ५६० हवेत, म्हणजे इथून पुढे सगळीकडे ५६-४४ ने जिंकायचं. डेमोक्रॅटिक प्रमाणशीर वाटपात हे जवळपास अशक्य. रिपब्लिकन बाजूला ‘पहिल्याला सगळं’ देणारी दोन मोठी राज्यं शिल्लक असतील तर शक्य. तोच १२० चा फरक, पण अर्थ वेगळा.

मंगळवारची रात्र म्हणजे आपली बुधवारची सकाळ. न्यू हॅम्पशायरची शेवटची केंद्रं आपल्या साडेसहाला बंद होतात, तलावपाळीची फेरी उरकून आलात की आकडे दिसू लागतील. मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या सुपर ट्यूजडेला (सर्वाधिक राज्यं एकाच दिवशी मत देतात तो मंगळवार) कॅलिफोर्निया साडेनऊला बंद होतं, तोवर तुम्ही लोकलमध्ये. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर हे सगळं एक तास अलीकडे येतं. पहिल्या तासात डेलिगेटचे खाने भरू नका. २०१२ मध्ये आयोवात रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं, पंधरवड्याने कळलं की सँटोरम ३४ मतांनी पुढे होते. कॅलिफोर्नियात तर मतपत्रिका महिनाभर आधी घरी जातात, त्यामुळे मधल्या काळात बाहेर पडलेल्यालाही मतं पडलेली असतात, आणि मतदानाच्या दिवसापर्यंत टपालात टाकलेली मतपत्रिका सात दिवस उशिरा पोचली तरी चालते. मोजणी काही आठवडे चालते. १५ टक्क्यांच्या काठावरचा उमेदवार आत आला की सगळ्यांचे डेलिगेट नव्याने वाटावे लागतात, म्हणून कॅलिफोर्नियाची ओळ राज्याने निकाल प्रमाणित करेपर्यंत पिवळीच ठेवा.