लॉ स्कूल काढायचंय? मग आधी डीन शोधा

खासगी विद्यापीठाच्या बैठकीत ‘इंजिनिअरिंग आहे, एमबीए आहे, आता लॉ काढू’ असं कुणी म्हटलं की लगेच इमारतीचा नकाशा पुढे येतो. मी कुलसचिव असताना तो गुंडाळून ठेवायला सांगायचे आणि विचारायचे, डीन, म्हणजे या स्कूलचा प्रमुख, कोण?

सध्या तर घाई करून उपयोगच नाही. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑगस्ट 2025 मध्ये नव्या विधी महाविद्यालयांवर 3 वर्षांची बंदी घातली आहे. मागास, आदिवासी भागांसाठीच्या प्रस्तावांसारखे थोडे अपवाद आहेत, पण तेही कौन्सिलच्या मंजुरीनेच. माझ्या मते ही तयारीची सवड आहे.

विद्यापीठ कायद्याने स्थापन झालंय म्हणजे झालं, असं विश्वस्तांना वाटतं. तसं नाही. पदवी तुम्ही द्याल, पण कौन्सिलची मान्यता नसेल तर त्या पदवीवर वकिलीची सनद मिळत नाही. म्हणून 1961 चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आणि 2008 चे विधी शिक्षण नियम डीनच्या टेबलावर पहिल्या दिवसापासून हवेत. अभ्यासमंडळ, विद्या परिषद हे घरचे टप्पे त्याच नियमांकडे बघून उरका.

डीन असा घ्या, ज्याने शिकवलंय आणि कोर्टाची पायरीही चढलीय. मग शिक्षक. 3 आणि 5 वर्षांचे दोन्ही अभ्यासक्रम चालवायचे तर कायद्याचे पूर्णवेळ शिक्षक पहिल्या वर्षी किमान 6, दुसऱ्या वर्षी 8, तिसऱ्या वर्षी 10. 5 वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या अर्थशास्त्र, राज्यशास्त्राचे शिक्षक वेगळे. वकील मंडळींना तासिका तत्त्वावर जरूर बोलवा, पण तपासणीत पूर्णवेळ शिक्षकांच्या जागी ते दाखवता येत नाहीत. ‘नोकरदारांसाठी रात्रीचे वर्ग’ ही कल्पनाही सोडा. आठवड्याला किमान 30 तास शिकवायचंय, तेही कामकाजाच्या वेळेत.

ग्रंथालयात एससीसी, एआयआर हे न्यायनिवाड्यांचे संग्रह ऑनलाइन घ्याच. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली म्हणून जुन्या भारतीय दंडसंहितेची पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले अजून जुन्याच कलमांखाली चालतात.

मूट कोर्टावर, म्हणजे मुलांच्या सरावाच्या लुटुपुटुच्या कोर्टावर, लाकडी कठड्यांचा खर्च सगळे हौसेने करतात. विधी सहाय्य केंद्राला जिन्याखालची खोली मिळते. उलट करा. तालुका विधी सेवा समितीशी आधीच बोलून ठेवा. सातबाऱ्यावरचं नाव, पोटगी, भावाभावांची वाटणी घेऊन आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून अर्ज लिहायला मुलं तिथेच शिकतात. या केंद्राला रस्त्यालगतची खोली द्या, म्हणजे सुरक्षारक्षक कुणाला फाटकावर अडवणार नाही.

जाहिरात सगळ्यात शेवटी, मान्यतापत्र हातात पडल्यावर. ‘मान्यता प्रस्तावित’ असं बारीक अक्षरांत छापून प्रवेश देणारे आहेत. असं माहितीपत्रक सहीला आलं तर परत पाठवा.