समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी: काचेची सौर पेटी

रत्नागिरी-मालवणकडे एप्रिल-मे महिन्यांत ऊन भरपूर, विहिरी मात्र तळाला. अशा वेळी उन्हाने समुद्राच्या पाण्याची वाफ करून ती काचेवर थेंबांच्या रूपात गोळा करणारी एक चौरस मीटरची पेटी चांगल्या उन्हात दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी देते. घरभर पुरणार नाही. पिण्यापुरतं किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीला पुरेल.

पाणी भरतीच्या वेळी, खाडीच्या मुखापासून लांब भरा. रात्रभर निवळू द्या, फडक्यातून गाळा. आतून काळा केलेला ट्रे घ्या, खाली थर्माकोल. पाणी दोनच सेंटीमीटर भरा. जास्त भरलं तर ते तापवण्यातच दुपार जाते. वर साधी काच, उतार १५ ते २० अंश, तोंड दक्षिणेला. उतार कमी पडला की थेंब काचेच्या खालच्या कडेला लावलेल्या पन्हळीत न जाता परत खाऱ्या पाण्यात टपकतात. प्लास्टिकवर थेंब सुटे राहतात, म्हणून काचच बरी. सांधे सिलिकॉनने बंद करा. वाफ निसटली की उत्पन्न गेलंच.

लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी निम्मं झालं की उरलेलं काढून टाका. सुकू दिलंत तर तळाला पांढरी खरपुडी धरते.

नव्या पेटीचं पहिल्या चार-पाच दिवसांचं पाणी फेका, रंगाचा वास येतो. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) शेकड्यांत गेला, तर खारं पाणी पन्हळीत शिरतंय. पावसाळ्यात पेटी झाकून ठेवा.