टेक्सासात पोरगं फुटबॉल खेळायला लागलं तर

डॅलसच्या उत्तरेला घर घेतलंत म्हणजे शुक्रवारची संध्याकाळ हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये (आपला पायानं खेळायचा नव्हे) गेलीच समजा. आमच्या शेजारच्या ॲलन गावात हायस्कूलच्या पोरांसाठी १८,००० माणसांचं स्टेडियम आहे, २०१२ साली ६ कोटी डॉलर घालून बांधलेलं! अशा गर्दीसमोर आपलं पोरगं उतरलं की वाटतं, कोपऱ्यात कॉलेजच्या संघासाठी पोरं हेरणारा कुणी कोच वही घेऊन बसला असणार. आम्ही दोन हंगाम त्याची वाट पाहिली. तो आला नाही.

तो आधी फिल्म बघतो. शाळेच्या मॅचेस हडल नावाच्या व्हिडिओच्या वेबसाइटवर चढतात. त्यातून मुलानं स्वतःची तीन-चार मिनिटांची फिल्म काढायची. सगळ्यात भारी खेळ अगदी सुरुवातीला, आणि बावीस जणांत आपला कोण ते बाणानं दाखवून. उंची-वजन खरं लिहा. वाढवलेला इंच कॉलेजांच्या कॅम्पमध्ये, जिथं कोच पोरांना पारखतात, टेप लावली की उघडा पडतो.

मग ईमेल. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावचा, शेतकऱ्याच्या घरातला जॉश ॲलन हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा पहिल्या डिव्हिजनची, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाची, एकही ऑफर हातात नव्हती. रीडलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात तो खेळला आणि तिथून देशभरच्या कोचना ईमेल धाडत सुटला. वायोमिंगनं घेतलं. २०१८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, तो सातवा निवडला गेला. पण ईमेल पोरानं लिहायचा, बापानं नाही. आमच्याकडचा पहिला मी लिहिला होता, ऑफिसातल्या थाटात, तीन परिच्छेद. उत्तर नाही. पोरानं पाच ओळी खरडल्या, त्याला आलं. हेड कोचच्या मागे लागू नका. पोरगं ज्या जागेवर खेळतं तिथला कोच आणि आपल्या भागातली पोरं बघणारा कोच, या दोघांना लिहा.

वसंतात कॉलेजचे कोच शाळेत येतात आणि शाळेच्या कोचला विचारतात, यंदा तुझ्याकडे कोण आहे? तेव्हा त्याच्या तोंडी आपलं नाव यावं, म्हणून मुलानं स्वतः जाऊन सांगून ठेवावं. तुम्ही मात्र ‘माझ्या मुलाला कमी का खेळवता’ म्हणून भांडायला जाऊ नका. हजारो डॉलर घेऊन ‘ओळख करून देणाऱ्या’ कंपन्याही लांबच ठेवा. आणि कॅम्पचं आमंत्रण म्हणजे निवड नव्हे. एकदा आम्ही पाच तास गाडी हाकत गेलो, तर तिथं जत्रा भरलेली.

२०१८ला ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आल्यापासून कोचना दुसऱ्या कॉलेजातला तयार खेळाडू आयता मिळतो, त्यामुळे हायस्कूलच्या पोरांची वाट अरुंद झाली आहे. म्हणूनच लहान कॉलेजांकडे बघा. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसते, हे ऐकून आपली माणसं तोंड फिरवतात. अहो, एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ, सगळी त्याच डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळतात! मार्क चांगले असलेल्या पोरासाठी कोचनं प्रवेश कार्यालयात शब्द टाकला तर त्याला वजन असतं. एकटा कोच प्रवेश देत नाही, पण आयआयटीची स्वप्नं बघणाऱ्या घरांना आणखी काय सांगू?

पहिल्या डिव्हिजनसाठी एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो. यांतले दहा विषय बारावी सुरू व्हायच्या आत संपलेले हवेत, त्यामुळे नववीतच काउन्सेलरला गाठा. नववी पुण्या-नाशकात झाली असेल तर ते गुणपत्रक जपून ठेवा, मागतात.

पोरगं एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर केंद्र सरकारची (फेडरल) आर्थिक मदत मिळत नाही. कॉलेजची स्वतःची शिष्यवृत्ती वेगळी. जाहिरातीतून खेळाडूंना जे पैसे मिळतात ते मात्र वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका, व्हिसावर येऊ शकतं.

आणि जूनमध्ये भारताची तिकिटं काढू नका. कॅम्प सगळे तेव्हाच असतात, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सराव. जायचंच तर जुलैत जा. पाऊस असतो, पण आजी-आजोबा समजून घेतात.